बेंजोच्या ओव्हरड्राइव्ह पेडलसाठी गणिती सॉफ्टवेअरची निवड : प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, बेळगाव

प्रकल्पाचे स्वरूप आज निश्चित झाले. बेळगाव-खानापूर भागात लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत जो विजेचा बेंजो वाजतो, त्याच्यासाठी एक ओव्हरड्राइव्ह पेडल (वाद्याचा आवाज मुद्दाम थोडा फाटल्यासारखा, जाडसर करणारी पेटी) तयार करायचे आहे. ते दोन रूपांत हवे आहे : आधी सोल्डर केलेल्या बोर्डावर, आणि नंतर त्याच सर्किटचे गणिती प्रतिमान म्हणून संगणकावर, जेणेकरून वादकाला घरी हेडफोन लावून त्याच आवाजात रियाझ करता येईल. काम करणारे आम्ही चौघे आहोत. मी, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात शिकणारे दोन विद्यार्थी (एक खानापूरचा, एक बैलहोंगलची) आणि खडेबाजारात ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे काका. खानापूरच्या विद्यार्थ्याचे मामा स्वतः बेंजो वाजवतात, त्यामुळे आवाजाबाबत अखेरचा शब्द त्यांचा राहील.

आधार म्हणून गिटारवादकांच्या परिचयाच्या ट्यूब स्क्रीमर या पेडलचे सर्किट घेतले आहे. त्यातील ४५५८ हा ऑप-ॲम्प (आवाज वाढवणारी चिप) आपल्याकडच्या घरगुती ॲम्प्लिफायरच्या टोन-बोर्डावर वर्षानुवर्षे वापरला जातो, १एन४१४८ डायोड कुठल्याही दुकानात मिळतो, आणि काकांचा हात या दोन्हींवर बसलेला आहे.

सॉफ्टवेअरचा प्रश्न मात्र खुला आहे. ‘सर्वांत चांगले कोणते’ असे विचारण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण आपल्याला त्याच्याकडून निरनिराळी कामे करून घ्यायची आहेत : पोटेन्शिओमीटर (नॉबने बदलणारा रोध, म्हणजेच पॉट) अक्षररूपात ठेवून समीकरण मांडणे, डायोडसारखा अरेषीय घटक सोडवणे, आणि प्रत्यक्ष ध्वनी त्यातून जाऊ देणे. यातले प्रत्येक काम करणारी सॉफ्टवेअर अनेक आहेत. माझी कसोटी अशी राहील : दोन सॉफ्टवेअरची उत्तरे जुळली नाहीत, तर फरक कुठून आला हे ज्यात शोधता येते, ते ठेवायचे.

१४ जून २०२५

अक्षरगणितापासून सुरुवात केली. डायोड बाजूला ठेवले तर गेन (आवाज किती पट वाढतो तो आकडा) म्हणजे एक अधिक फीडबॅकचा (जावकेकडून आवकेकडे परतणाऱ्या शाखेचा) इम्पीडन्स, म्हणजे वारंवारतेनुसार बदलणारा रोध, भागिले ग्राउंडकडे जाणाऱ्या शाखेचा इम्पीडन्स. ग्राउंडच्या शाखेत ४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरॅड एकापाठोपाठ आहेत. फीडबॅकमध्ये ५१ किलोओहम आणि ५०० किलोओहमचा ड्राइव्ह पॉट, आणि त्यांना समांतर ५१ पिकोफॅरॅड. यावरून ग्राउंडच्या शाखेची कोपरा-वारंवारता (जिथून शाखेचे वागणे बदलते ती) सुमारे ७२० हर्ट्झ निघते, आणि वरच्या पट्टीतला जास्तीत जास्त गेन पॉट बंद असताना सुमारे ११.९, तर पूर्ण उघडल्यावर ११८ च्या आसपास जातो. हे सारे कागदावर सुटते, आणि म्हणूनच सॉफ्टवेअर पारखायला ते उपयोगी पडते.

पायथॉनमधील सिम्पाय आणि मॅक्सिमा या दोघांनीही गेनचे हेच फलन, म्हणजे सूत्र, दिले. मॅक्सिमाचे मूळ एमआयटीच्या जुन्या मॅकसिमा या प्रणालीत आहे आणि त्याचे वय त्याच्या हाताळणीत जाणवते, पण लांबलचक पदावली आटोपशीर रूपात आणण्यात ते अजूनही तरबेज आहे. खरी परीक्षा पुढच्या टोन-स्टॅकवर (खर्ज, मध्य आणि वरचा सूर कमी-जास्त करणाऱ्या भागावर) झाली. १९५९ च्या फेंडर बासमन ॲम्प्लिफायरमधील तीन नॉबच्या टोन-स्टॅकचे विश्लेषण डेव्हिड ये आणि ज्युलियस स्मिथ यांनी २००६ साली मांडले होते. तीन कपॅसिटर असल्याने फलन तिसऱ्या घाताचे होते, तिन्ही नॉब एकमेकांत गुंतलेले असतात, आणि प्रत्येक सहगुणकात पदांची रांग लागते. सिम्पायचे पहिले उत्तर वाचवत नव्हते. चलाच्या घातानुसार पदे गोळा करायला लावल्यावर मात्र कोणता नॉब कुठल्या सहगुणकात शिरतो, हे डोळ्यांना दिसू लागले.

या टप्प्यावर सिम्पाय ठेवत आहे. ते मॅक्सिमाहून सरस आहे म्हणून नव्हे. त्यातून निघालेले सहगुणक त्याच भाषेतल्या पुढच्या गणनेला थेट देता येतात, मध्ये कुणाला ते हाताने उतरवावे लागत नाहीत, म्हणून.

२२ जून २०२५

आजचा विषय स्पाइस, म्हणजे सर्किट संगणकावर चालवून पाहणारा प्रोग्रॅम. बर्कलीत लॉरेन्स नेगल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या या प्रोग्रॅमचे वंशज आज दोन रूपांत आपल्यासमोर आहेत : एलटीस्पाइस, जे मोफत आहे पण ज्याचा सोर्स उघडा नाही, आणि एनजीस्पाइस, जे संपूर्ण खुले असून किकॅड या बोर्ड-आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडलेले मिळते. प्रयोगशाळेतले निम्मे संगणक लिनक्सवर आहेत. तिथे एलटीस्पाइस वाइनच्या (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनाच्या) मदतीने चालते, एनजीस्पाइस थेट.

तुलनेसाठी सर्वांत साधे अरेषीय सर्किट घेतले : २.२ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे ग्राउंडकडे उलटसुलट जोडलेले दोन १एन४१४८. डायोडचा प्रवाह सांगणाऱ्या शॉकलीच्या समीकरणात संतृप्त प्रवाह २.५२ नॅनोअँपिअर आणि आदर्शता-गुणक १.७५२ घेतला, तर २७ अंश सेल्सिअसला घातांकाच्या छेदात सुमारे ४५.३ मिलिव्होल्ट येतात. १ व्होल्ट दिल्यास डायोडवर किती व्होल्टेज उरते, हे बैलहोंगलच्या विद्यार्थिनीने कॅल्क्युलेटरवर काढले. आधी ०.५२ व्होल्ट धरायचे, त्यावरून रेझिस्टरमधला प्रवाह काढायचा, त्याचा लॉगरिदम घेऊन नवे व्होल्टेज काढायचे आणि हेच पुन्हा करायचे. थोडक्यात उत्तर ०.५१६ वर स्थिरावले. ४.५ व्होल्टला तेच ०.६१० येते. आवक साडेचारपट झाली आणि जावक शंभर मिलिव्होल्टनेही वाढली नाही. क्लिपिंग, म्हणजे लाटेचे माथे कापणे, म्हणजे काय ते या दोन आकड्यांतच कळते.

दोन्ही स्पाइसनी १ व्होल्टला आमच्यापेक्षा सुमारे एक दशांश मिलिव्होल्ट जास्त दाखवले. फरक नगण्य आहे, तरी त्याचा माग काढायचा आम्ही ठरवले. मॉडेलच्या ओळीत ०.५६८ ओहमचा शृंखला-रोध लिहिलेला आहे, तो आमच्या हिशेबात नव्हता. तो शून्य केल्यावर आकडे जुळले. मॉडेलची ओळ उघडून वाचता येते, एकेक घटक काढून पाहता येतो, हा स्पाइसचा मोठा गुण आहे.

२८ जून २०२५

मॅटलॅब आणि सिम्युलिंक या विकत मिळणाऱ्या गणिती सॉफ्टवेअरचा विचार थोडक्यात आटोपला. गुणवत्तेबद्दल प्रश्न नाही, पण परवाना विद्यार्थ्यांच्या आणि काकांच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि पेडल ज्यांनी पुढे सांभाळायचे त्यांना प्रतिमान उघडताच येणार नसेल तर ते करण्यात हशील नाही. त्याच प्रकारची सायलॅब आणि ऑक्टेव्ह दोन्ही मोफत आहेत. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने सायलॅबचा महाविद्यालयांतून चांगला प्रसार केला आहे, आणि स्पोकन ट्युटोरियलच्या ध्वनिचित्रफिती मराठी व कन्नड दोन्ही भाषांत मिळतात, ही आमच्यासारख्या मिश्र गटासाठी मोलाची सोय आहे. त्याच प्रकल्पाचे ईसिम हे साधन एनजीस्पाइसवरच उभे आहे.

पावसामुळे खानापूरकडे वीज आणि इंटरनेट दोन्हींचा भरवसा नाही. त्यामुळे फक्त ब्राउझरमध्ये चालणारी साधने यादीतून काढली.

६ जुलै २०२५

आजची नोंद मोठी आहे, कारण सॉफ्टवेअरच्या निवडीचा कणा इथेच आहे.

ट्यूब स्क्रीमरमध्ये डायोड ऑप-ॲम्पच्या फीडबॅकमध्ये असतात. ऑप-ॲम्प आदर्श मानला (४५५८ ची गेन-बँडविड्थ ३ मेगाहर्ट्झच्या आसपास असल्याने ११८ गेनलाही सुमारे २५ किलोहर्ट्झपर्यंत वाव राहतो, म्हणून हे गृहीत चालण्यासारखे आहे), तर गणित फार सुटसुटीत होते. ऑप-ॲम्पच्या उलट (इन्व्हर्टिंग) टोकावर आवक व्होल्टेजच उभे राहते. त्यामुळे ४.७ किलोओहमच्या शाखेतला प्रवाह केवळ आवकेवरून ठरतो. तोच प्रवाह फीडबॅकमध्ये पॉट, कपॅसिटर आणि डायोड यांत वाटला जातो. जावक म्हणजे मूळ आवक अधिक डायोडवरचे व्होल्टेज. या सर्किटचा आवाज पूर्ण कापल्यासारखा का वाटत नाही, याचे उत्तर या बेरजेत आहे : न कापलेला मूळ सूर नेहमीच सोबत चालत असतो.

प्रत्येक सॅम्पलला (ध्वनीच्या दर क्षणी घेतलेल्या मोजमापाला) एकच अज्ञात राशी उरते, डायोडवरचे व्होल्टेज, आणि ते न्यूटनच्या पद्धतीने, म्हणजे अंदाज पुन्हा पुन्हा सुधारत, काढायचे. ही पद्धत डायोडपुढे कशी वागते ते पाहण्यासाठी विद्यार्थ्यांना पुन्हा २.२ किलोओहमचे साधे सर्किट दिले : आवक ४.५ व्होल्ट, सुरुवात शून्यापासून. शून्यापाशी डायोड जवळपास बंद असतो, म्हणून पहिलेच पाऊल थेट ४.५ व्होल्टच्या जवळ पडते. तिथे घातांकी पद अवाढव्य असते, आणि तेव्हापासून प्रत्येक पाऊल फक्त ४५ मिलिव्होल्ट मागे येते. ०.६१ पर्यंत उतरायला ऐंशीहून अधिक आवर्तने लागतात. आवक बरीच मोठी असती, तर घातांक संगणकाच्या मर्यादेबाहेरच गेला असता.

स्पाइसमध्ये हे दिसत नाही, कारण जंक्शनवरच्या व्होल्टेजच्या उडीला आतूनच लगाम घातलेला असतो. आपल्या कोडमध्ये तो लगाम आपणच घालायचा. मागच्या सॅम्पलचे उत्तर सुरुवातीला धरले की बहुतेक वेळा तीन-चार आवर्तनांत काम भागते, पण बेंजोच्या तारेवरचा आघात फार तीक्ष्ण असतो आणि आघाताच्या क्षणी मागचे उत्तर दूरचे ठरते. म्हणून पावलाची कमाल लांबी बांधली. एकाच डायोडसाठी लॅम्बर्टच्या डब्ल्यू फलनाने बंद रूपातले उत्तरही मिळते. पायथॉनच्या सायपाय या संचात ते फलन तयार आहे, म्हणून पडताळणीसाठी वापरले आणि आकडे जुळले.

आता गतीचा मुद्दा. ही गणना सदिशरूपात एकदम करता येत नाही, कारण प्रत्येक सॅम्पल मागच्यावर अवलंबून असतो. ४८ किलोहर्ट्झला आठपट ओव्हरसॅम्पलिंग (गणनेसाठी आठपट दाट सॅम्पल घेणे) धरले, तर दहा सेकंदांच्या ध्वनीसाठी ३८,४०,००० सॅम्पल आणि प्रत्येकात काही आवर्तने. ऑक्टेव्हचे सारे बळ संपूर्ण मॅट्रिक्स एकदम हाताळण्यात आहे. अशा लूपमध्ये ते बळ कामी येत नाही आणि वाट पाहणे मिनिटांवर जाते. ऑक्टेव्ह इथे मागे पडले. फिल्टरच्या आलेखांसाठी ते उत्तमच आहे, पण आमचे काम फिल्टरपाशी थांबत नाही.

१३ जुलै २०२५

ऐकण्याची पहिली चाचणी. ५ किलोहर्ट्झचा शुद्ध सूर ४८ किलोहर्ट्झच्या दराने, ओव्हरसॅम्पलिंग न करता, क्लिपरमधून नेला. दोन्ही बाजू सारख्या कापल्यावर विषम हार्मोनिक निघतात : १५, २५, ३५, ४५ किलोहर्ट्झ. ४८ च्या निम्म्या, म्हणजे २४ च्या वरचे सारे दुमडून खाली येतात. २५ चा २३ होतो, ३५ चा १३, आणि ४५ चा ३ किलोहर्ट्झ. म्हणजे मूळ सुराच्याही खाली, त्याच्याशी काही नाते नसलेला एक सूर उमटतो. मामांना कुठलाही आलेख न दाखवता फक्त ऐकवले. “यात दुसरंच काहीतरी वाजतंय,” ते लगेच म्हणाले. आठपट ओव्हरसॅम्पलिंगवर तो सूर त्यांना ऐकू आला नाही.

एलटीस्पाइसमधून काढलेल्या ध्वनीत हा दोष नव्हता, कारण त्याची कालपावले गरजेनुसार लहान-मोठी होतात. पण त्याच कारणाने त्याच्या आलेखावरून स्पेक्ट्रम (कोणती वारंवारता किती आहे ते चित्र) काढताना जपावे लागते. माहितीचे संक्षेपण बंद करावे लागते, कमाल कालपाऊल बांधावे लागते, आणि एनजीस्पाइसमध्ये समान अंतरावरचे बिंदू मिळवण्यासाठी लिनिअराइझ ही आज्ञा द्यावी लागते. याविना दिसणारी तळाची गवताळ रेघ सर्किटची नसते.

दुसरा फरक उंच पट्टीत दिसला. २.२ किलोओहमपुढे १० नॅनोफॅरॅड जोडून कोपरा-वारंवारता ७,२३४ हर्ट्झ ठेवली होती. स्पाइसने ती तिथेच दाखवली. ४८ किलोहर्ट्झवरच्या आमच्या ट्रॅपेझॉइडल गणनेत (एका सॅम्पलवरून पुढच्यावर जाण्याची एक पद्धत) मात्र ती ६,७५६ च्या आसपास सरकली. ट्रॅपेझॉइडल नियमामुळे वारंवारतेचा अक्ष वरच्या टोकाला आवळला जातो, आणि तो नेमका किती आवळला जातो हे सूत्राने सांगता येते. सूत्राने ९६ किलोहर्ट्झसाठी सुमारे ७,१०३ हर्ट्झ सांगितले आणि गणनेतही तेच आले. ओव्हरसॅम्पलिंगचा खर्च यामुळे दुहेरी कारणी लागतो. बॅकवर्ड ऑयलर ही दुसरी पद्धतही चालवून पाहिली. ते स्थिर आहे, पण वरचा सूर दाबून टाकते, आणि बेंजोचा जीवच वरच्या सुरांत असल्याने ते नाकारले.

२० जुलै २०२५

उरलेली स्पर्धा पायथॉन आणि ज्युलिया या दोन प्रोग्रॅमिंग भाषांत. २०१२ साली जाहीर झालेली ज्युलिया अशा लूपसाठीच घडवल्यासारखी आहे : सरळ लिहिलेला कोड कंपाइल होऊन वेगाने धावतो, आणि ॲनालॉग सर्किटच्या अनुकरणासाठी मार्टिन होल्टर्स यांचे एसीएमई हे तयार पॅकेज त्यात आहे. घटकांची यादी दिली की समीकरणे तेच रचते. मला ते मनापासून आवडले. केवळ गणिताच्या निकषावर निवड असती, तर मी ज्युलियाच घेतली असती.

पायथॉनचा साधा लूप मंद आहे, पण नंबा हे पॅकेज लावल्यावर तोच लूप कंपाइल होतो (थेट यंत्रभाषेत उतरतो) आणि दहा सेकंदांचा ध्वनी वाट न पाहायला लावता निघतो. विद्यार्थ्यांना पायथॉन आधीपासून येते, सिम्पायचे सहगुणक तिथेच आहेत, आणि समीकरण आम्ही स्वतः रचलेले असल्याने त्याची ओळन् ओळ काकांना कागदावर समजावता येते. काकांनी न्यूटनची पायरी समजून घेतल्यावर विचारले की डायोड गरम झाला तर कोणता आकडा बदलायचा. तापमान एका अंशाने वाढले की सिलिकॉन डायोडचे व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतेच. तो आकडा कोडमध्ये कुठे आहे हे त्यांना दाखवता आले, आणि माझ्या मते निवड तिथेच झाली.

३ ऑगस्ट २०२५

काकांचा बोर्ड तयार झाला. ऑसिलोस्कोपवरची लाट आणि प्रतिमानाची लाट एकावर एक ठेवली. कापलेल्या माथ्यांचा आकार जुळतो, उंचीत थोडा फरक आहे. सुटे घटक मोजल्यावर कारण कळले : कपॅसिटर लिहिलेल्या किमतीपासून काही टक्के दूर आहेत, आणि ५०० किलोओहमचा पॉट त्याहून बराच दूर. मोजलेल्या किमती प्रतिमानात घातल्यावर लाटा जवळजवळ एक झाल्या. पॉटच्या बाबतीत वीस टक्क्यांची तफावत बाजारात सर्रास असते. अशा परिस्थितीत दोन सॉफ्टवेअरमधल्या एक दशांश मिलिव्होल्टच्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही. दुमडून खाली येणारा ३ किलोहर्ट्झचा सूर मात्र कितीही अचूक घटकांनी जात नाही, तो गणनेतच टाळावा लागतो.

१० ऑगस्ट २०२५

ठरलेली व्यवस्था लिहून ठेवतो. नॉबसहित सूत्रांसाठी सिम्पाय, ध्वनी चालवण्यासाठी नंबासह पायथॉन, आणि दोन्हींवर पंच म्हणून एनजीस्पाइस. बोर्डाचा आराखडा किकॅडमध्ये असल्याने घटकांची यादी दोनदा लिहावी लागत नाही. लहान प्रोसेसरवर नेताना फाउस्ट ही ध्वनीसाठीची भाषा घ्यायची की सी++, हे गणेशोत्सवानंतर पाहू. विद्यार्थ्यांना एलटीस्पाइस घरी वापरायची मोकळीक आहे, मात्र अंतिम आकडे एनजीस्पाइसचे धरले जातील.

आजवर एकेकटे सूर तपासले, पण बेंजोत सुराच्या तारा सतत झंकारत असतात, म्हणून दोन सुरांची चाचणी आवश्यक आहे. षड्ज २४० हर्ट्झ आणि शुद्ध रिषभ २७० हर्ट्झ घेतले. दोन्ही ३० ने भाग जाणारे असल्याने ४८ किलोहर्ट्झला १,६०० सॅम्पलच्या खिडकीत पूर्ण आवर्तने बसतात आणि स्पेक्ट्रम स्वच्छ येतो. तिसऱ्या क्रमाचे मिश्रसूर (एका सुराच्या दुपटीतून दुसरा वजा होऊन बनणारे) अपेक्षेप्रमाणे २१० आणि ३०० हर्ट्झवर उमटले. ३०० म्हणजे शुद्ध गंधार, तो कानाला खटकत नाही. २१० मात्र मंद्र सप्तकातल्या धैवत आणि कोमल निषाद यांच्या मध्ये पडतो आणि कुठल्याच स्वराशी नीट जुळत नाही.

१७ ऑगस्ट २०२५

मामांना खर्ज अधिक भरदार हवा आहे. काकांनी ०.०४७ च्या जागी ०.१ मायक्रोफॅरॅड सुचवला. बदलण्याआधी प्रतिमानाला विचारले. कोपरा ७२० वरून ३३९ हर्ट्झवर येतो. ड्राइव्ह मध्यावर असताना २४० हर्ट्झचा गेन, डायोड वगळून, सुमारे २०.६ वरून ३७.६ होतो, म्हणजे षड्ज जवळपास दुप्पट जोराने डायोडवर आदळतो आणि २१० चा मिश्रसूरही चढतो. दोन्ही ध्वनिफिती मामांना ऐकवल्या. एकट्या सुराला त्यांना ०.१ आवडला, सुराच्या तारांसह वाजवताना ०.०४७.

म्हणून बोर्डावर ०.०४७ कायम राहील आणि त्याला समांतर ०.०५६ मायक्रोफॅरॅड एका लहान स्विचवर जोडला जाईल. स्विच दाबल्यावर बेरीज ०.१०३ होते, जी ०.१ च्या पुरेशी जवळ आहे. प्रतिमानातही तोच स्विच एका चलाच्या रूपाने घातला आहे. काका उद्या भोक पाडतील.